गेरूचे डबे, चुन्याचे डबे

तुमच्या छपराला आग लागली आहे, दारात एक माणूस पाण्याने भरलेला डबा घेऊन उभा आहे, आणि तो कोणत्या वाड्यातला हे धुरामुळे दिसत नाही. तुम्ही डबा घ्याल, की आधी त्याची जात विचाराल?

उत्तराची घाई करू नका. आमच्या गावच्या शहाण्या माणसांनीही हे उत्तर झटकन दिले होते. फरक इतकाच, की ते सभेत गादीवर बसून दिले होते. पुढे खरी आग लागली, आणि त्यांचे खरे उत्तर मी डोळ्यांनी पाहिले.

आमचे गाव कर्जतहून नेरळकडे जाताना उल्हास नदीच्या काठी लागते. स्टेशनाला लागून गवताच्या वखारी आहेत. दिवाळीनंतर डोंगरउतारांवरचे गवत कापून येते, वाळते, चापात दाबून त्याचे गठ्ठे होतात आणि रेल्वेच्या वाघिणींतून ते मुंबईला घोड्यांच्या पागांकडे जाते. फाल्गुन-चैत्रात वखारींत घराएवढ्या गंज्या उभ्या असतात. वखारींच्या वरच्या अंगाला गाव, खालच्या अंगाला नदीकडे आमचा महारवाडा. गावातली निम्मी छपरे गवताची, आमची सगळीच.

नेमक्या याच दिवसांत शेतकरी राब भाजतात. भाताचे रोप जिथे टाकायचे तिथे ऐनाच्या झाडाचे टहाळे, पालापाचोळा, शेण पसरून ते पेटवून देतात. त्याशिवाय रोप जोम धरत नाही. म्हणजे शेतोशेती जाळ, मध्ये दुपारचा सुसाट वारा, आणि वाऱ्याच्या तोंडाशी वाळक्या गवताचे डोंगर. आगीला यापेक्षा जास्त काय हवे?

एका वर्षी शेलूच्या बाजूला कोणाची तरी गंजी जळून राख झाली, तेव्हा आमच्या वखारवाल्यांना जाग आली. त्यांनी आगनिवारणासाठी एक मंडळी स्थापन केली. अध्यक्ष सर्वांत मोठ्या वखारीचे शेटजी. चिटणीस एक वकील. हे वकीलसाहेब सुधारक म्हणून तालुक्यात प्रसिद्ध होते. पुण्यात व्याख्याने देत, आणि ती छापून वाटत.

मी तेव्हा आमच्या वाड्यातल्या शाळेत शिकवत होतो. शाळा म्हणजे कारवीच्या काठ्यांच्या कुडाची एक झोपडी. गावच्या सरकारी शाळेत आमच्या मुलांना ओटीवरही नाही, ओटीखाली उन्हात बसवत. मास्तर पाटी हातात न घेता लांबूनच बघत, आणि चूक दिसली की ढेकूळ मारत. मी तिथेच अक्षर शिकलो, म्हणून ढेकळाचा नेम कसा असतो ते मला सांगायला नको. पुढे आम्ही ठरवले की आपली मुले आपणच शिकवू. आई-बापाविना मला वाढवणारी माझी आत्या आणि वाड्यातल्या बायकांनी कुडाला शेण-माती लिंपली, पुरुषांनी मेढी रोवल्या, छपर शाकारले. मुंबईच्या गोदीत हमाली करणारा माझा मामा गावी येताना पैसा-दोन पैशांच्या चोपड्या आणि पत्रके आणी. जातिभेदावरची, शेतकऱ्याच्या लुबाडणुकीवरची, मुलींच्या शिक्षणावरची. मी त्यांवरच वाढलो. त्या सगळ्या एका लाकडी पेटीत घालून शाळेत ठेवल्या होत्या. वाचायला येऊ लागलेल्या मुलाला पेटी उघडायची मुभा होती. मुले त्या दिवसाची वाट पाहत.

त्या चोपड्यांत एक होती मोठ्या शहरांत आग कशी विझवतात यावर. ती मला जवळजवळ पाठ होती. वकीलसाहेबांना हे कुठून तरी कळले आणि त्यांनी मला बोलावून घेतले. अंगणातच उभे राहून मी त्यांना सगळे सांगितले. गंज्यांमध्ये मोकळी जागा सोडा. छपरे ओढून पाडायला लांब आकड्या करा. चिंचेच्या झाडाला रुळाचा तुकडा टांगा, तो वाजला की प्रत्येकाने आपापली ठरलेली जागा गाठायची. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, धावाधाव करायची नाही. पाण्यापासून आगीपर्यंत माणसांची रांग उभी करायची आणि भरलेला डबा हातोहात पुढे सरकवायचा. माणूस हलत नाही, पाणी हलते.

वकीलसाहेब खूश झाले. म्हणाले, "शाबास. तुझ्यासारखी डोकी तुमच्यात आहेत, हेच तर मी पुण्यात सांगत असतो."

आता अडचण पाण्याची. चैत्रात गावच्या विहिरी तळ गाठतात. आगीला पुरेल इतके पाणी एकाच ठिकाणी असते, आमच्या वाड्याखालच्या डोहात. त्याला गावची माणसे कधी हात लावत नाहीत, कारण आम्ही तिथे पाणी भरतो. म्हणजे रांग आमच्या डोहापासून निघणार, वाड्यावरून जाणार आणि वर वखारींत पोचणार. खालच्या भागात आमची माणसे, वरच्या भागात गावची. आणि मध्ये कुठेतरी आमच्या हातातला डबा त्यांच्या हातात जाणार.

मंडळीची सभा शेटजींच्या ओसरीवर भरली होती, मी पायरीखाली उभा होतो. तिथे हाच प्रश्न निघाला. मग शेटजींनीच तोडगा काढला. वखारीच्या कुंपणापाशी एक मोठा सपाट दगड बसवायचा. आमच्या लोकांनी डबा आणून त्या दगडाच्या कडेने ओतायचा, खाली गावच्या लोकांचा डबा असेल, त्यात पाणी पडेल. घासलेटचे रिकामे डबे, दांडी ठोकून, मंडळीने विकत घ्यायचे. डबे सगळे एकसारखे, म्हणून आमच्या डब्यांना गेरूचा पट्टा, त्यांच्या डब्यांना चुन्याचा. म्हणजे घोटाळा नको.

मी सांगितले की एकदा ओतले, मग पुन्हा भरले, यात निम्मे पाणी सांडेल आणि वेळ जाईल. आणि विचारले, "पाणी आगीवर टाकायचे आहे, ते कोणाच्या हातचे आहे याने आगीला काय फरक पडतो?"

शेटजी हसले. "आगीला नाही पडत रे मास्तर. आग विझल्यावर आम्हांला गावात राहायचंय."

वकीलसाहेबांनी मला बाजूला घेतले. दगड सोसा, म्हणाले, आणि त्याच्या बदल्यात मी तुमची शाळा मंडळीच्या संरक्षणाखाली घेतो. आधी वखारी, मग गावची छपरे, आणि लगोलग तुमची शाळा. तसा ठराव त्यांनी खरोखर करून घेतला.

मला हा सौदा मान्य नव्हता, आणि मी वाड्यात येऊन तसे बोललो. पण आमचा म्हातारा नाईक, म्हणजे वाड्याचा कारभारी, शांतपणे म्हणाला की गावाशी वाकडे घेऊन शाळा टिकणार नाही, दगड तर दगड. लोकांनी त्याचे ऐकले. आत्या तेवढी गवत कापायचा विळा घासत माझ्याकडे न बघता बोलली, "पानी आगीवर घालायचं हाय का देवावर, येवढं तरी इचारून ये रं त्यांना."

फाल्गुनात कवायत झाली. रूळ वाजला, रांगा लागल्या. दगडाच्या वरच्या बाजूला वखारीतला एक तरणा गुमास्ता उभा केला होता, खालच्या बाजूला आमची आत्या, कारण तिचे हात वाड्यात सर्वांत पक्के. डबे भराभर सरकले. दगडापाशी आत्याने डबा कलता केला, गुमास्त्याने आपला डबा खाली धरला, सगळे टाळ्या वाजवू लागले. मामलेदार कचेरीतले एक गृहस्थ पाहायला आले होते. त्यांनी मंडळीची पाठ थोपटली.

फक्त एक गोष्ट सांगायची राहिली. कवायतीत डबे रिकामे होते. उन्हाळ्यात पाणी वाया घालवायचे नाही म्हणून. मी म्हटले होते की एकदा तरी पाणी भरून पाहू या. शेटजी म्हणाले, पाणी कसं असतं ते आम्हांला ठाऊक आहे.

ठाऊक होते. फक्त पाण्याने गेरू धुऊन जातो, हे त्या सगळ्या मंडळीत कोणाच्या ध्यानात आले नाही. इतकी बुद्धी डब्यांना पट्टे मारण्यात खर्च झाली, आणि पट्टा पाण्यात टिकतो का हे बघायला कोणी डबा नदीत बुडवला नाही.

चैत्र सरता सरता एका दुपारी वाऱ्याने राबाचा जाळ उचलला आणि वखारीच्या कडेच्या गंजीवर आणून टाकला. रूळ वाजला. हे मात्र मी मान्य करतो की माणसे आली. गावातली आली, आमची आली, ज्याने त्याने आपली जागा धरली. डोहातून पहिले डबे निघाले तेव्हा मला वाटले, कागदावरची गोष्ट खरी होते आहे. मी डोहात कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून डबे भरत होतो. वर रांग चालू होती.

थोड्या वेळाने वरून रिकामे डबे येईनासे झाले. मी पाण्यातून बाहेर येऊन रांगेच्या कडेकडेने वर पळालो.

दगडाभोवती डब्यांचा ढीग लागला होता. गेरू वाहून गेला होता. चुनाही गेला होता. त्यावर धुराची काजळी बसून सगळे डबे एका रंगाचे झाले होते. वरून घाईत फेकलेले रिकामे डबे दगडाच्या खाली आले होते, खालचे वर गेले होते. गावच्या रांगेतली माणसे हात मागे घेऊन उभी होती. कोणता डबा कोणाचा, कोणालाच सांगता येत नव्हते. आणि जोवर ते सांगता येत नाही तोवर डब्याला हात लावायला कोणी तयार नव्हते. आत्याच्या दोन्ही हातांत भरलेले डबे होते. तिच्यामागे प्रत्येकाच्या हातात भरलेला डबा होता. पाणी होते, माणसे होती, रांग होती. सगळी तयारी होती. आणि सगळे उभे होते.

मी वळून पाहिले तो आमच्या शाळेच्या छपरातून धूर निघत होता. दगडापासून हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर शाळा. एखादी ठिणगी पडली असावी, छपराच्या कोपऱ्यात वीतभर जाळ दिसत होता. चार डब्यांत विझला असता.

शाळा आमच्या डोहाच्या बाजूला होती, आम्ही कोणालाही न विचारता तिकडे पळू शकलो असतो, असे तुम्ही म्हणाल. पण आम्हांला फाल्गुनभर बजावले होते की रांग मोडायची नाही, रांग मोडली की शाळेचा ठराव मोडला. माणसे शाळेकडे पाहत होती आणि दगडाकडे पाहत होती. त्या क्षणी मी आत्याचा चेहरा पाहिला आणि तो अजून माझ्यासमोरून हलत नाही.

तिने हातातला डबा गुमास्त्यापुढे धरला. "घे की रं बाबा," ती म्हणाली. "हातात घे. आमची साळा पेटलीया. तू हे घेतलंस का रांग हलंल, आन मी तिकडं जाईन."

त्या मुलाचा हात पुढे आला. हे मी शपथेवर सांगेन. तो वाईट नव्हता. त्याची बोटे दांडीला लागणार होती, इतक्यात त्याने मान वळवून शेटजींकडे पाहिले.

शेटजी म्हणाले, "थांब. आधी डबे वेगळे करा."

वकीलसाहेब तिथेच होते. त्यांनी घसा खाकरला. बोलले काहीच नाहीत.

आत्याने दोन्ही डबे तसेच उचलले आणि ती शाळेकडे धावली. मग आमची सगळी रांग धावली. तोवर उशीर झाला होता. वाळलेल्या गवताला असा किती वेळ लागतो? आम्ही पोचलो तेव्हा छपर आत बसत होते. कुडाच्या कारवीचा फटफट आवाज येत होता. आत पाट्या होत्या, पेटी होती. पेटीत मामाने आणलेले सगळे होते, आणि वकीलसाहेबांच्या अस्पृश्यतेवरच्या व्याख्यानाची छापील प्रतही होती. मुलांमधली एक पोर परवाच अडखळत का होईना ओळ वाचू लागली होती, आणि येत्या सोमवारी मी तिला पेटी उघडू देणार होतो.

वखारीतल्या कडेच्या गंज्या गेल्या. मग वारा पडला, म्हणून गाव वाचले. वारा पडला म्हणून, हे ध्यानात ठेवा.

आठवड्याने मंडळीची सभा झाली. मी पुन्हा पायरीखाली उभा. त्या सभेत काय ठरले ते ऐका. एक, मंडळीच्या पूर्वतयारीमुळे गावावरचे मोठे संकट टळले, सबब सर्वांचे अभिनंदन. दोन, वाड्याच्या लोकांनी ऐनवेळी रांग मोडली, हे खेदाचे आहे. तीन, डब्यांवरच्या खुणा टिकत नसल्याचे आढळून आले, तरी पुढच्या वर्षीपासून तेलातला रंग वापरावा.

तेलातला रंग! एवढ्या राखेतून या लोकांनी हा एक धडा घेतला. शाळेचा शब्द कोणी काढला नाही. मी काढला. तेव्हा शेटजी म्हणाले, ठरावात शाळा होती, पण रांग मोडल्यावर ठराव कसला?

बाहेर पडताना वकीलसाहेबांनी मला गाठले. त्यांना माझा राग समजतो, म्हणाले, पण समाज एका दिवसात बदलत नाही. आता तेलाचा रंग लागेल, काम जलद होईल. हळूहळू दगडही जाईल.

मी म्हटले, "साहेब, त्या दिवशी हळूहळू कोण जळत होतं?"

त्यांनी पुन्हा घसा खाकरला आणि ते आपल्या वाटेने गेले.

मला त्यांचा राग शेटजींहून जास्त येतो. शेटजींना गावात राहायचे होते, ते त्यांनी लपवले नाही. पण ज्याला खरे काय ते कळते, जो ते पुण्यात मांडवाखाली बोलतो आणि छापतो, तो आगीसमोर घसा खाकरून गप्प राहतो, तेव्हा त्याच्या सगळ्या व्याख्यानांची किंमत मला कळते. मी ती पाहिली आहे. ती गवताबरोबर जळते आणि धूरही वेगळा येत नाही.

आणि या मंडळींना मी एकच सांगतो. गावे, वखारी, शाळा, दवाखाने यांना संकटासाठी तयार करायचे म्हणून आता जागोजाग मंडळ्या निघत आहेत. चौक गावात निघाली आहे, खालापुराकडेही निघते आहे असे ऐकतो, पटकीच्या साथीसाठी, पुरासाठी. मला पुन्हा सल्ल्यासाठी बोलावणीही आली आहेत. मी जातो तेव्हा आकड्या, घंटा, पाण्याची जागा हे सगळे सांगतो. पण पहिला प्रश्न आता हाच विचारतो, की तुमच्या रांगेत दगड कुठे आहे? कोणी म्हणतात, आमच्याकडे तसले काही नाही. मग बोलता बोलता कळते की साथ आली तर औषधाचा काढा वाड्याच्या वेशीवर ठेवून यायचे ठरले आहे, जो उठू शकेल त्याने घ्यावा. तो दगडच आहे. नुसता दिसत नाही.

शाळा आम्ही पुन्हा बांधली. या वेळी डोहाच्या अगदी काठावर, दगडाच्या वाटेपासून लांब. मामाने नव्या चोपड्या धाडल्या आहेत. ती पोर पेटी उघडते. पण छपर गवताचेच आहे, चैत्र दर वर्षी येतो, आणि राब भाजणे थांबणार नाही. गंज्या पेटल्या तर वारा या वेळीही ठिणग्या शाळेकडेच आणील. म्हणून मंडळीची रांग आम्हांला हवी आहे, आणि मंडळीला आमचा डोह हवा आहे. तेलाच्या रंगाचे डबे आले आहेत, गेरूसारखे तांबडे आणि चुन्यासारखे पांढरे, पट्टे या वेळी हातभर रुंद. नाईक पुन्हा म्हणतो, दगड तर दगड. आत्या मात्र वाड्यात सांगून बसली आहे की ती डबा दगडावर ओतणार नाही. हातात देईल. घेतला तर रांग, नाही घेतला तर ती डबा घेऊन सरळ शाळेकडे जाईल, मग गाव जळो.

मी तिला समजावलेले नाही. समजावणारही नाही.

येत्या फाल्गुनात, होळीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी, आमच्या वखारीच्या कुंपणापाशी कवायत आहे. या वेळी डबे भरलेले असतील, एवढे मी भांडून मिळवले आहे. वाचकहो, तुम्ही कर्जत-नेरळच्या बाजूचे असाल तर त्या दिवशी या. वर्गणी आणू नका, सहानुभूतीची पत्रे पाठवू नका, माझ्या लिहिण्याची तारीफ करू नका. दगडाच्या वरच्या बाजूला, त्या गुमास्त्याच्या शेजारी येऊन उभे राहा. माझी आत्या डबा पुढे करील. मागे वळून कोणाकडे पाहू नका, आणि तिच्या हातातून तो आपल्या हातात घ्या.